शांता गोखले यांचें चरित्र व त्याचीं साधनें

पालघर, बोईसर व तारापूर या टापूंत जुन्या साधनांचा शोध घेणाऱ्या मंडळींचें लक्ष बहुधा कोट, शिलालेख, वतनाचे कागद व बखरी यांजकडे असतें, व तें यथायोग्यच आहे. जानेवारी १७३९ मध्यें तारापूरच्या वेढ्यांत बाजी भिवराव पडले. पालघरच्या पश्चिमेस असलेल्या केळवें-माहीमच्या भूमीशीं महिकावतीची बखर निगडित आहे. तेव्हां या भागास इतिहाससाधनांची वाण आहे असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि अर्वाचीन व्यक्तींच्या चरित्रसाधनांची छाननी करण्याचा प्रघात आमच्या मंडळींत अद्याप रुळलेला नाहीं. 'एवढ्यांत काय घाई आहे?' असा प्रश्न यावर केला जातो. त्यास आमचें उत्तर असें कीं, साधनांत भेसळ होते ती पहिल्या एकदोन पिढ्यांतच होते, आणि ज्यांस खरें-खोटें ठाऊक आहे तीं माणसें सांगावयास असतात तोंवरच ती निवडून काढणें सुकर असतें. या हेतूनें प्रस्तुत लेखांत आम्हीं शांता गोखले यांच्या चरित्राचीं साधनें तपासण्याचें योजिलें आहे. कादंबरीकार, नाट्यसमीक्षक, भाषांतरकार, प्रसंगविशेषीं अभिनेत्री, आणि चित्रपट निर्माण करणाऱ्या कुटुंबांतील लेखिका अशी त्यांची बहुविध ओळख आहे. आणि या बहुविधतेमुळेंच त्यांच्या चरित्रांत वास्तव व कल्पित यांची सरमिसळ होण्याचा संभव अधिक आहे.

प्रथम जन्मस्थानाचा विचार करूं. बोईसरहून उत्तरेस निघालें असतां वाणगांव व त्यानंतर डहाणू रोड हें स्थानक लागतें. या डहाणूस १४ ऑगस्ट १९३९ रोजीं शांताबाईंचा जन्म झाला. हें जन्मस्थान नुसतें 'पालघर जिल्हा' असें नोंदविण्याचा मोह आतां होण्यासारखा आहे. परंतु येथें सावधगिरी हवी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं अस्तित्वांत आला. त्यापूर्वीं डहाणू तालुका ठाणें जिल्ह्यांत होता, आणि १९३९ सालीं तो जिल्हा मुंबई प्रांतांत मोडत होता. म्हणून 'डहाणू, तत्कालीन ठाणें जिल्हा, सांप्रत पालघर जिल्हा' अशी नोंद करणें हेंच शास्त्रशुद्ध होय. शिवाय जन्मावरून जो हक्क सांगतां येतो तोही मर्यादितच आहे. शांताबाईंचें बालपण मुंबईस दादरच्या शिवाजी पार्क भागांत गेलें, व ज्या वस्तीचा इतिहास त्यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकांत सांगितला ती वस्तीही तीच. आमच्या टापूंतील उत्साही मंडळींनीं त्यांस 'डहाणूच्या लेखिका' म्हणून मिरविण्यापूर्वीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. जन्माचा मान डहाणूचा, जडणघडणीचा मान दादरचा, अशी वांटणी केल्यास कोणावर अन्याय होणार नाहीं.

यापुढील चरित्राचा सांगाडा थोडक्यांत असा. तरुणपणीं त्या इंग्लंडांत शिकल्या व ब्रिस्टल विद्यापीठाची इंग्रजी साहित्यांतील पदवी त्यांनीं संपादन केली. परत आल्यावर मुंबई विद्यापीठांतून त्याच विषयांत त्या एम्. ए. झाल्या. महाविद्यालयांत अध्यापन, 'फेमिना' या नियतकालिकाच्या संपादकवर्गांत काम, औषधें बनविणाऱ्या ग्लॅक्सो कंपनींत नोकरी, आणि पुढें 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या कलाविषयक पानांचें संपादन असे त्यांच्या उपजीविकेचे टप्पे दिसतात. 'रीटा वेलिणकर' ही पहिली कादंबरी १९९० सालीं व 'त्या वर्षी' ही दुसरी २००८ सालीं निघाली. दोन्ही कादंबऱ्या मूळ मराठींत लिहून त्यांनीं स्वतःच त्या इंग्रजींत उतरविल्या. मराठी नाटकाचा १८४३ पासूनचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००० सालीं बाहेर पडला. नाट्यविषयक कार्याबद्दल संगीत नाटक अकादमीनें २०१५ सालचा पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला.

आतां कुटुंबाकडे वळूं. नौदलांतील एका अधिकाऱ्याशीं झालेल्या त्यांच्या पहिल्या विवाहांतून झालेल्या कन्या रेणुका शहाणे या दूरदर्शनवरील 'सुरभि' कार्यक्रमामुळें घरोघरीं परिचित झाल्या. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या हिंदी चित्रपटांतील त्यांची भूमिकाही पुष्कळांच्या स्मरणांत आहे. पुढें त्या दिग्दर्शनाकडे वळल्या. त्यांचे पति आशुतोष राणा हे नट असून हिंदींत ग्रंथलेखनही करितात. शांताबाईंचा दुसरा विवाह चित्रपटकार अरुण खोपकर यांच्याशीं झाला. खोपकर यांनीं मणि कौल यांच्या १९७१ च्या 'आषाढ का एक दिन' या चित्रपटांत कालिदासाची भूमिका केली होती; संस्कृताच्या अभ्यासकांस ही गोष्ट कुतूहलाची वाटेल. पुढें त्यांनीं माहितीपट केले व चित्रपटकलेवर मराठींत मोलाचें लेखन केलें. 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हा त्यांचा ग्रंथ राष्ट्रीय पुरस्कारास पात्र ठरला, व 'चलत्-चित्रव्यूह' या ग्रंथास २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या माहितीपटांसाठीं शांताबाईंनीं संहितालेखन केलें आहे. स्वतः शांताबाई गोविंद निहलानी यांच्या 'अर्धसत्य' (१९८३) या चित्रपटांत व अमोल पालेकर यांच्या 'कच्ची धूप' या दूरदर्शनमालिकेंत दिसल्या.

एवढ्यावरून त्यांस 'अभिनेत्री' म्हणावें काय? सूचीकारांस हा प्रश्न क्षुल्लक वाटेल; आम्हांस तसा वाटत नाहीं. सूचींतील विशेषणांचा क्रम हा एक निवाडाच असतो. आज 'अभिनेत्री व कादंबरीकार' असें लिहिलें तर पन्नास वर्षांनंतरचा संशोधक त्यांच्या भूमिकांची यादी शोधीत बसेल, आणि ती हातभरही भरली नाहीं म्हणजे साधनें नष्ट झालीं असा चुकीचा तर्क करील. त्यांनीं अभिनय केला हें खरें. परंतु त्यांचें आयुष्य लेखणीवर उभें आहे. म्हणून आमच्या मतें 'कादंबरीकार, नाट्येतिहासकार व भाषांतरकार; क्वचित् अभिनय' अशी नोंद वस्तुस्थितीस धरून होईल.

येथवर काम सोपें होतें. खरी अडचण यापुढें आहे. आईनें एक कादंबरी लिहिली. मुलीनें त्या कादंबरीवरून २००९ सालीं 'रीटा' हा मराठी चित्रपट केला. त्यानंतर २०२१ सालीं त्याच मुलीनें 'त्रिभंग' हा हिंदी चित्रपट काढला, व त्यांत एक कादंबरीकार आई आणि तिची अभिनेत्री मुलगी यांचा कलह दाखविला. आतां प्रेक्षकांस आणखी काय पाहिजे? रीटा म्हणजेच शांताबाई, 'त्रिभंग'मधील आई म्हणजेच शांताबाई, आणि तिच्यावर रागावलेली मुलगी म्हणजेच रेणुका, असें समीकरण मांडून मोकळें होण्याचा मोह कोणासही पडेल. हें समीकरण एकदां छापील लेखांत शिरलें म्हणजे एका लेखांतून दुसऱ्यांत उतरत जाईल, आणि पुढें तेंच साधन म्हणून पुढें केलें जाईल. म्हणून त्याची परीक्षा येथेंच करणें अवश्य आहे.

नैयायिकांनीं मानलेल्या चार प्रमाणांत शब्द हें एक आहे. परंतु कोणाचाही कसलाही शब्द प्रमाण होत नाहीं. यथार्थ सांगण्याच्या हेतूनें जो बोलतो त्याचाच शब्द प्रमाण. यावरून चरित्रलेखनास उपयोगी असा एक नियम निघतो : प्रामाण्य ठरतें तें बोलणाऱ्याच्या त्या त्या वेळच्या हेतूवरून. एकच लेखिका आत्मचरित्रांत साक्षीदार असते आणि कादंबरींत साक्षीदार नसते. कादंबरींत तिनें खोटें सांगितलें असा याचा अर्थ नाहीं. तेथें तिनें साक्ष देण्याचें पत्करलेलेंच नाहीं, एवढाच अर्थ. न दिलेल्या जबाबावर निकाल लिहिणें हा न्यायही नव्हे आणि इतिहासही नव्हे.

'रीटा वेलिणकर'चें कथानक पाहूं. रीटा ही घरांतील वडील मुलगी. कोवळ्या वयांत तिच्यावर कुटुंबाच्या चरितार्थाचा भार पडतो. कचेरींतील वरिष्ठ अधिकारी साळवी हा विवाहित असून त्याच्याशीं तिचे दीर्घकाल संबंध राहतात. पुढें तिच्या मनाचा तोल जातो; उपचार घेत असतांना ती आपलें आयुष्य पुन्हा न्याहाळते; आणि सरस्वती नांवाची मैत्रीण तिला आधार देते. शांताबाईंच्या आयुष्याचा जो सांगाडा आम्हीं वर दिला आहे त्याच्याशीं हें ताडून पाहावें. परदेशांतील शिक्षण, दोन विवाह, अपत्यें, अध्यापन, वृत्तपत्रांतील काम, यांपैकीं रीटाच्या वाट्यास कांहीं आलेलें नाहीं. दोघींत साम्य एवढेंच कीं दोघीही मुंबईंत कचेरीचें काम करणाऱ्या बायका आहेत. आणि अशा बायका त्या शहरांत लाखोंनीं होत्या.

म्हणून कादंबरी संशोधकास निरुपयोगी आहे काय? तसें मुळींच नाहीं. येथें महिकावतीच्या बखरीचें उदाहरण आमच्या टापूंतील वाचकांस जवळचें वाटेल. वि. का. राजवाडे यांनीं ती बखर १९२४ सालीं प्रसिद्ध केली, त्या वेळीं तिचीं प्रकरणें एका हातचीं व एका काळचीं नाहींत हें त्यांनीं दाखवून दिलें. केशवाचार्याचा भाग शके १३७० चा, इतर भाग त्याहून उत्तरकालीन, असे थर त्यांनीं वेगळे केले, व प्रत्येक थरास त्याच्या त्याच्या काळाचा साक्षीदार मानलें. जो मजकूर घडलेल्या प्रसंगाविषयीं विश्वसनीय नाहीं, तोही ज्या काळीं लिहिला गेला त्या काळाच्या समजुतींविषयीं विश्वसनीय असूं शकतो, हा धडा सर्व बखरवाचकांनीं गिरविलेला आहे. तोच धडा येथें लावावा. 'रीटा वेलिणकर' शांताबाईंच्या खासगी आयुष्याविषयीं कांहीं सिद्ध करीत नाहीं. परंतु मिळवती मुलगी आईबापांच्या घरांत काय किंमत मोजते, विवाहित पुरुषाशीं संबंध असलेल्या स्त्रीकडे मुंबईचा मध्यम वर्ग कोणत्या नजरेनें पाहतो, आणि हें सर्व १९९० च्या सुमारास मराठींत किती मोकळेपणीं लिहितां येत होतें, या गोष्टींविषयीं ती उत्तम पुरावा आहे. बखर जशी थर पाडून वाचावी, तशी कादंबरी प्रश्न बदलून वाचावी.

आतां २००९ च्या 'रीटा' चित्रपटाचें स्थान ठरवूं. तो मूळ ग्रंथ नव्हे व स्वतंत्र साक्षही नव्हे; प्राचीन परिभाषेंत बोलावयाचें तर ती टीका होय. टीकाकार मूळ ग्रंथांतील कोणता शब्द उचलतो व कोणता सोडतो यावरून ग्रंथाविषयीं थोडें व टीकाकाराविषयीं पुष्कळ कळतें. या चित्रपटांत पल्लवी जोशी यांनीं रीटाची व जॅकी श्रॉफ यांनीं साळवीची भूमिका केली आहे. दिग्दर्शिकेनें स्वतःकडे मात्र सरस्वतीची भूमिका घेतली. आम्हांस ही निवड अर्थपूर्ण वाटते. आईच्या कादंबरीची नायिका होण्याऐवजीं मुलीनें ऐकून घेणाऱ्या मैत्रिणीची जागा पत्करली. म्हणजे मल्लिनाथानें जसें कवीच्या शेजारीं बसावें तशी ती मूळ पाठाच्या शेजारीं बसली. हें आमचें अनुमान आहे, व तें अनुमान म्हणूनच वाचकांनीं घ्यावें. नायिका ती आईच, असें जर मुलीस सुचवावयाचें असतें, तर तिनें कांहीं निराळी खूण ठेविली असती. तशी खूण आम्हांस आढळली नाहीं.

'त्रिभंग'ची गोष्ट याहून नाजूक आहे. त्यांत कादंबरीकार नयन (तन्वी आझमी), तिची मुलगी अनुराधा (काजोल) ही ओडिसी नर्तकी व अभिनेत्री, आणि नात माशा (मिथिला पालकर) अशा तीन पिढ्या आहेत. आई बेशुद्धावस्थेंत रुग्णालयांत पडली आहे, आणि तिचें आत्मचरित्र एका तरुणाच्या साहाय्यानें लिहून व्हावयाचें आहे. आतां तपशील ताडून पाहा. रेणुका शहाणे यांची ख्याति दूरदर्शनवरील सूत्रसंचालिका व नटी म्हणून झाली. नर्तकी म्हणून नव्हे. शांताबाईंचें आत्मचरित्र चित्रपटाच्या आधीं, २०१९ सालींच, त्यांच्या स्वतःच्या हातून पूर्ण होऊन छापलेलें होतें. आणि ज्या २०२१ सालीं पडद्यावरील नयन मूर्च्छित पडली होती, त्याच सालीं प्रत्यक्षांतील शांताबाईंनीं केलेलें 'श्यामची आई'चें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. इतकी विसंगति एखाद्या ताम्रपटांत आढळली असती, तर तो बनावट ठरविण्यास आम्हांस क्षणाचाही विलंब लागला नसता. चित्रपटास बनावट म्हणण्याचें कारण नाहीं, कारण तो खरेपणाचा दावाच करीत नाहीं. दावा करतात ते प्रेक्षक.

त्या चित्रपटाच्या नांवासंबंधीं दोन शब्द लिहिणें अस्थानीं होणार नाहीं. शिल्प व नृत्य यांच्या परिभाषेंत समभंग, आभंग, त्रिभंग व अतिभंग असे शरीराच्या ठेवणीचे प्रकार सांगितले आहेत. समभंगांत शरीर सरळ व तोललेलें, आभंगांत किंचित् कललेलें, त्रिभंगांत मान, कंबर व गुडघा अशा तीन ठिकाणीं वळलेलें, आणि अतिभंगांत तेंच वळण आवेशानें वाढलेलें असतें. चित्रपटांतील मुलगी आईला आभंग, स्वतःला त्रिभंग व आपल्या मुलीला समभंग ठरविते. परंतु पडद्यावरून हा शब्द 'अभंग' असा कानीं पडतो, आणि मराठी कानास त्यांतून न भंगलेलें, अखंड, असा अर्थ ऐकूं येतो. मागें तुकोबांची परंपरा उभी राहते ती निराळीच. एका ऱ्हस्व-दीर्घाच्या पाठभेदानें किंचित् कललेली स्त्री अखंड होऊन बसते! मराठी भाषिक दिग्दर्शिकेच्या मनांत हे दोन्ही अर्थ असावेत असें आम्हांस वाटतें. तथापि नोंद करितांना लेखनिकांनीं 'आभंग' असाच पाठ ठेवावा, कारण कथेस तोच अर्थ अभिप्रेत आहे. आई ही मुळांतून उखडलेली नाहीं व अगदीं सरळही नाहीं. ती थोडी कललेली आहे, एवढेंच मुलीचें म्हणणें आहे.

मग चरित्राचें खरें साधन कोणतें? अर्थात् २०१९ सालीं निघालेलें 'वन फूट ऑन द ग्राउंड' हें इंग्रजी आत्मचरित्र. येथें लेखिका साक्ष देण्यास स्वतः उभी आहे. या ग्रंथाची योजना असामान्य आहे. पदें, मानसन्मान व ग्रंथनिर्मिति या सूत्रांनीं आयुष्य न मांडतां शांताबाईंनीं तें शरीराच्या सूत्रानें मांडलें आहे. जन्म, वयांत येणें, बाळंतपण, आजार, शस्त्रक्रिया, कर्करोगाशीं पडलेली गांठ, वार्धक्य, असा हा क्रम आहे. प्रथमदर्शनीं जुन्या वळणाच्या वाचकांस हें खटकेल. स्त्रीनें स्वतःच्या शरीराविषयीं इतकें उघड लिहावें काय, असेंही कोणी म्हणतील. आम्हांस मात्र संशोधकाच्या दृष्टीनें ही योजना पुष्कळ उपकारक वाटते. आत्मचरित्रांत मनाचे हेतु सांगितले जातात तेव्हां स्मृति त्यांस नकळत रंग देते. चाळीस वर्षांपूर्वीं आपण अमुक निर्णय का घेतला याचें उत्तर आजचा माणूस देत असतो. शरीरावर जें घडलें त्यास मात्र दिवस, ठिकाण, वैद्य व बहुधा कागद असतो. त्यांत आत्मस्तुतीस वावही कमी. म्हणून या ग्रंथांतील विधानें आत्मचरित्रांत सामान्यतः आढळणाऱ्या विधानांहून अधिक तपासण्याजोगीं आहेत.

तथापि या योजनेंत उणेंही आहे, व तें सांगितल्यावांचून परीक्षण पुरें होणार नाहीं. शरीर हें सूत्र धरल्यामुळें ज्या घटनांनीं शरीरास स्पर्श केला नाहीं त्या मागें पडतात. एखाद्या नाटकाची तालीम कशी झाली, कादंबरीचे खर्डे किती झाले, संपादकाच्या खुर्चींतून कोणते निर्णय घेतले गेले, याविषयीं भावी नाट्येतिहासकारास जेवढें हवें तेवढें या चौकटींत मावत नाहीं. ती उणीव त्यांच्या इतर पुस्तकांवरून व लेखांवरून भरून काढावी लागेल. नाट्यलेखनाचें मर्म जाणणाऱ्या लेखिकेनें स्वतःच्या चरित्रांत नाट्यसृष्टीस एवढी आंखडती जागा द्यावी, याबद्दल आमची तक्रार आहे.

या लेखिकेनें साक्ष या प्रकाराचा विचार किती बारकाईनें केला असावा, हें त्यांच्या भाषांतरांवरून दिसतें. प्रिया आडारकर यांच्यासह त्यांनीं विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' इंग्रजींत आणला (२०१४). लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' आणलीं (२०१७). आणि त्यापूर्वीं २००६ सालीं अभिनेत्री दुर्गा खोटे यांचें आत्मचरित्र आणलें. एक भिक्षुक, एक कवीची पत्नी व एक नटी अशा तिघांच्या साक्षी त्यांनीं आपल्या हातांनीं परभाषेंत उतरविल्या. 'माझा प्रवास'ची हकीकत तर आमच्या वाचकांस तोंडपाठ असेल. चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं तो प्रथम छापला तेव्हां भाषा व मांडणी यांत पुष्कळ फेरफार केले, द. वा. पोतदार यांनीं १९६६ सालीं मूळ हस्तलिखितावरून संपादिलेली आवृत्ति काढली, तेव्हां गोडसे भटजींचा स्वतःचा आवाज ऐकूं आला. एखाद्या माणसाची साक्ष सद्हेतूनें सुधारली तरी ती बिघडतेच, हें त्या दोन आवृत्त्यांवरून आपण शिकलों. तीच चूक आपण एका लेखिकेच्या बाबतींत उलट दिशेनें करूं पाहत आहों : वैद्यांनीं साक्षीची कादंबरी केली असा आक्षेप आपण घेतो, आणि स्वतः कादंबरीची साक्ष करावयास निघतो!

ही चूक स्त्रियांच्या लेखनाविषयीं विशेषतः होते, हें येथें स्पष्ट लिहिलें पाहिजे. हरिभाऊ आपटे यांनीं 'पण लक्ष्यांत कोण घेतो' ही कादंबरी यमू नांवाच्या स्त्रीच्या तोंडून, आत्मचरित्राच्या रूपानें, सांगितली. तीवरून हरिभाऊंच्या खासगी आयुष्याचा शोध घेण्याचें कोणास सुचलें नाहीं. सर्वांनीं ती समाजाचें चित्र म्हणूनच वाचली. उलट १९३३ सालीं विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें 'कळ्यांचे निःश्वास' निघालें, तेव्हां त्यांतील प्रश्नांपेक्षां ही बाई कोण, याच शोधाची धामधूम अधिक झाली. त्या बाई म्हणजे मालतीबाई बेडेकर; योगायोग असा कीं त्यांचे पति विश्राम बेडेकर हे 'रणांगण' या कादंबरीचे कर्ते असून चित्रपट-दिग्दर्शकही होते. पुरुषानें लिहिलें कीं समाजचित्र, आणि स्त्रीनें लिहिलें कीं कबुलीजबाब, असें दुहेरी माप वापरणारा संशोधक स्वतःच्या शास्त्राशीं प्रतारणा करितो. या मापानें एका हयातीच्या श्रमाची किंमत बुडते. कारण कादंबरी आत्मकथाच ठरली कीं ती रचण्याचें कौशल्य शिल्लक उरत नाहीं, केवळ भोगणें उरतें.

शेवटीं संग्राहकांस उद्देशून दोन व्यवहाराच्या गोष्टी. चित्रपट करणाऱ्या कुटुंबाचीं साधनें एका दप्तरांत बांधूं नयेत. त्यांचे चार रुमाल करावेत. पहिल्यांत आत्मचरित्र, पत्रें, मुलाखती व दाखले असावेत; ही साक्ष. दुसऱ्यांत कादंबऱ्या व नाटकें, त्यांच्या खर्ड्यांसह, ही निर्मिति. तिसऱ्यांत चित्रपट, संहिता व चित्रीकरणाचे कागद, ही टीका. चौथ्यांत या सर्वांविषयीं इतरांनीं लिहिलेलें, ही जनश्रुति. एका रुमालांतील कागद दुसऱ्यांत गेला तर त्यावर तशी खूण करावी. दुसरी गोष्ट, कादंबरीची मराठी व इंग्रजी अशीं दोन रूपें जेथें एकाच हातचीं आहेत, तेथें दोन्ही जपावींत. लेखिकेनें स्वतः भाषांतर करितांना काय गाळलें, काय घातलें, हें पाहण्याची संधि पाठचिकित्सकास क्वचितच मिळते, आणि 'रीटा वेलिणकर' व 'त्या वर्षी' या दोहोंच्या बाबतींत ती मिळाली आहे. मराठी व इंग्रजी पाठ शेजारीं ठेवून एखाद्या तरुण अभ्यासकानें त्यांची वाक्यशः तुलना केली, तर शांताबाईंविषयीं 'त्रिभंग'वरून रचलेल्या साऱ्या तर्कांहून अधिक खरी माहिती त्यांतून हातीं येईल. असा तुलनात्मक तक्ता कोणी सिद्ध केल्यास तो या त्रैमासिकाच्या पानांस भूषणावह होईल, अशी आमची खात्री आहे.